पीएमला येतेस का?

पीएम म्हटलं की आपल्यासारख्या ऑफिसवाल्यांना दोनच माणसं आठवतात. एक दिल्लीतले आणि दुसरे आपले प्रोजेक्ट मॅनेजर. त्यातही टेन्शन दुसऱ्यांचंच जास्त! पण कोर्ट, पोलीस चौकी आणि सरकारी हॉस्पिटल या तीन ठिकाणी पीएमचा अर्थ एकच, पोस्टमॉर्टेम. 'बॉडी पीएमला गेलीय', 'पीएम झालं का?' आपण 'जेवलास का?' विचारतो तितक्या सहज तिथं हे बोललं जातं.

तर आमच्या ग्रुपमधल्या वकीलबाईंना मागच्या महिन्यात त्यांच्या सीनियरनी विचारलं, 'मंगळवारी पीएमला येतेस का?' या बाईंनी तीन वर्षं एका कंपनीत एसीत बसून अ‍ॅग्रीमेंट्स ड्राफ्ट केली, मग जाम कंटाळल्या आणि सहा महिन्यांपूर्वी पगार निम्मा करून घेऊन क्रिमिनल साइडला आल्या. खुनाच्या केसमध्ये डॉक्टरांची उलटतपासणी हा मोठा भाग असतो. सरांचं म्हणणं असं, की जखमेचं वर्णन नुसतं वाचून प्रश्न विचारणारा वकील आणि एकदा तरी डोळ्यांनी बघितलेला वकील यांत फरक पडतो. मेडिकल कॉलेजच्या फॉरेन्सिक विभागाची रीतसर परवानगी ते काढणार होते. 'जबरदस्ती नाही. रविवार रात्रीपर्यंत कळव, नावं द्यायचीत.'

शनिवारी आम्ही वैशालीत भेटलो तेव्हा तिनं हे सांगितलं आणि एसपीडीपीच्या प्लेटा तशाच राहिल्या. प्रत्येकाला मत होतं. हिंजवडीवाला म्हणाला, 'यार, मला चान्स मिळाला तर मी आत्ता जाईन!' (हा ब्लड टेस्टच्या वेळी भिंतीकडे तोंड करतो.) एचआरवालीनं कानांवर हात ठेवले. बँकवाला म्हणाला, 'काय गरज आहे? यूट्यूबवर बघ ना.' आणि मग सगळे मिळून एकाच प्रश्नावर आले. तुला झेपेल का? तू पडलीस तर?

माझ्या मते हा सगळ्यात सोपा प्रश्न आहे, म्हणून आधी तोच उरकून टाकू.

माझा मावसभाऊ फॉरेन्सिक मेडिसिन शिकवतो. त्याला सगळे दादा म्हणतात, आपणही म्हणू. दरवर्षी एमबीबीएसची नवी बॅच पीएम बघायला त्याच्या समोर उभी राहते. त्याचा अनुभव असा, की चक्कर येणाऱ्यांत दणकट मुलं भरपूर असतात आणि ती बहुतेक वेळा उपाशीपोटी आलेली असतात. चक्कर ही भित्रेपणाची खूण नव्हेच. काही बघून किंवा वास येऊन शरीरातली एक नस जरा जास्तच काम करते, हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब घसरतो, मेंदूला रक्त कमी पडतं. आधी घाम फुटतो, कानात शिट्टी वाजते, डोळ्यांपुढे अंधारी येते. तेवढ्यात खाली बसलात तर संपलं. म्हणून दादाचे फंडे अगदी घरगुती. हलका नाश्ता करून ये. गुडघे ताठ करून उभी राहू नकोस. भिंतीच्या जवळ राहा. नाकाला विक्स लावू नकोस, त्यानं नाक आणखी मोकळं वाटतं. वासाचं म्हणशील तर काही मिनिटांत नाकालाच त्याची सवय होते. लोकांच्या लक्षात राहतो तो कवटी कापणाऱ्या करवतीचा आवाज.

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली, ती मला आधी माहीत नव्हती. आपण ज्याला 'डेडबॉडीवर शिकणं' म्हणतो ते वेगळं. अ‍ॅनाटॉमीच्या हॉलमधली देहदान केलेली बॉडी फॉर्मालिननं टिकवलेली असते, तिचा रंग, कातडीचा पोत सगळं बदललेलं असतं. मनाला ती लवकर 'वस्तू' वाटू लागते. पीएमच्या टेबलावरचा माणूस मात्र कालपर्यंत चालत-बोलत असतो. नखांना नेलपॉलिश असतं. मनगटावर देवाचा दोरा असतो. दाढी कालच केलेली असते. मुलं रक्त बघून हलत नाहीत, ते दोरा बघून हलतात, असं दादा म्हणतो.

टीव्हीनं आपलं काम बिघडवलंय ते इथंच. 1998 पासून आपण 'सीआयडी' बघत आलो. डॉ. साळुंखेंनी चादर सरकवली, एक नजर टाकली, की जहर कोणतं आणि मौत कितने बजे हे हजर. प्रत्यक्षात निळे दिवे नाहीत, बॅकग्राउंड म्युझिक नाही. ट्यूबलाइट, टाइल्स, पाण्याचा पाइप, वजनकाटा आणि एक छापील फॉर्म. आधी बाहेरून तपासणी: कपडे, अंगावरच्या वस्तू, प्रत्येक खरचटण्याची लांबी-रुंदी. मग गळ्यापासून ओटीपोटापर्यंत एक सरळ छेद. डोक्याला एका कानामागून दुसऱ्या कानामागपर्यंत, केसांतून, म्हणजे नंतर टाके दिसत नाहीत. डोकं, छाती आणि पोट या तिन्ही पोकळ्या उघडून बघायच्याच असतात. अवयव एकेक काढून तपासले, तोलले जातात. मोठ्या माणसाचं हृदय साधारण 300 ग्रॅम, मेंदू 1300-1400 ग्रॅम. विषाची शंका असेल तर जठर, यकृताचा तुकडा, मूत्रपिंड असा 'व्हिसेरा' मिठाच्या संपृक्त पाण्यात घालून बरण्या सील होतात आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात. रिपोर्ट यायला कित्येकदा महिने लागतात. तोवर मृत्यूच्या कारणापुढे 'मत राखून ठेवले आहे' एवढंच. साळुंखेंना हे सांगितलं तर एपिसोड कसा संपायचा!

एक गोष्ट अप्रिय आहे, तरी सांगतेच. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्ष कापण्याचं आणि शिवण्याचं काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली शवागारातले कर्मचारी करतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या माथी अशी कामं मारली गेली, त्याच समाजांतून त्यातले पुष्कळ जण येतात. आपण एकदा बघायला जावं की नाही यावर कॉफी पीत चर्चा करतो. त्यांना रोज सकाळी जावंच लागतं.

तर, झेपण्याचा प्रश्न मिटला. खरा प्रश्न दुसरा आहे. बघायचा हक्क काय?

पीएम दोन प्रकारचं असतं. एक, आजार समजून घेण्यासाठी हॉस्पिटलनं नातेवाइकांची संमती घेऊन केलेलं. दुसरं कायद्याचं. अपघात, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू, लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईनं केलेली आत्महत्या. यात पोलीस पंचनामा करतात आणि पीएमला पाठवतात. आधी हे सीआरपीसीच्या कलम 174 खाली व्हायचं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होतं. या दुसऱ्या प्रकारात घरच्यांची परवानगी लागत नाही, आणि जो गेला त्याला तर कुणी विचारूच शकत नाही. म्हणजे टेबलावरच्या माणसानं 'या, बघा मला' असं कधीच म्हटलेलं नाही. म्हणूनच तिथं वाटेल त्याला सोडत नाहीत. आपल्या हिंजवडीवाल्याची हौस तिथं चालायची नाही, आणि चालू नयेच.

हौसेचाही इतिहास आहे म्हणा. रेम्ब्रांटचं 1632 मधलं डॉ. टुल्प यांच्या शरीररचनेच्या धड्याचं चित्र तुम्ही कुठंतरी पाहिलंच असेल. त्या काळी अ‍ॅम्स्टरडॅममध्ये असं विच्छेदन तिकीट काढून बघत. टेबलावरचा माणूस दरोड्याबद्दल नुकताच फाशी दिलेला. गंमत म्हणजे चित्रातले बरेचसे महाशय त्याच्याकडे बघतच नाहीत. कुणाची नजर पुस्तकात, कुणाची थेट आपल्याकडे, फोटोला उभं राहिल्यासारखी. अगदी अलीकडे, नोव्हेंबर 2002 मध्ये, गुंथर फॉन हागेन्स या जर्मन गृहस्थांनी लंडनमध्ये शेकडो प्रेक्षकांसमोर जाहीर पीएम केलं आणि ते टीव्हीवरही दाखवलं गेलं. तिथं जाणाऱ्यांना त्यातून काय मिळालं, मला शंका आहे. 'मी बघितलं' एवढं सांगायला मिळालं असावं.

याउलट आपल्याकडची एक तारीख. 1836 साली कलकत्ता मेडिकल कॉलेजमध्ये पंडित मधुसूदन गुप्त यांनी आपल्या हातानं शवविच्छेदन केलं. वैद्य माणूस, वरच्या जातीचा, प्रेताला शिवलं की समाज वाळीत टाकेल असा तो काळ. त्यांना बघून मिरवायचं नव्हतं, शिकायचं आणि शिकवायचं होतं. आणि सुश्रुतसंहितेत तर त्याच्याही शेकडो वर्षं आधी सांगून ठेवलंय, की शरीर शिकायचं तर प्रेत गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवा आणि मग कुंच्यानं हळूहळू एकेक थर काढत डोळ्यांनी बघा.

ग्रीकमध्ये 'ऑटॉप्सी' शब्दाचा मूळ अर्थच 'स्वतःच्या डोळ्यांनी बघणं'. पण डोळे कशासाठी उघडे ठेवायचेत ते आधी ठरलेलं पाहिजे. वकीलबाईंकडे त्याचं उत्तर तयार होतं, चक्क यादी करून आणली होती. मेल्यानंतर रक्त शरीराच्या खालच्या भागात उतरतं आणि तिथं जांभळट डाग पडतात, काही तासांनी ते पक्के होतात. प्रेत पालथं सापडलं आणि पक्के डाग पाठीवर असले, तर नंतर कुणीतरी हलवलंय. गळफासाचा वळ सहसा तिरका आणि वर असतो, गळा आवळल्याचा आडवा आणि सगळीकडून पूर्ण. जळालेल्या माणसाच्या श्वासनलिकेत काजळी सापडली तर आग लागली तेव्हा तो श्वास घेत होता. हे सगळं तिनं पुस्तकात वाचलेलं होतं. आता तिला बघायचं होतं. सॉलिड कारण! मी म्हटलं, मग अडलंय कुठं? जा की.

तेव्हा ती म्हणाली, 'अगं, बाबांचं पीएम झालं होतं.'

टेबलावर कुणीच काही बोललं नाही. आम्हाला तिचे वडील हार्टनं गेले एवढंच माहीत होतं.

डिसेंबर 2019. जिल्ह्याच्या गावी, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ते एसटी स्टँडवर कोसळले. रिक्षावाल्यानं हॉस्पिटलमध्ये नेलं, पण आणण्यापूर्वीच मृत्यू. अशा वेळी कारण कुणालाच माहीत नसतं, म्हणून पोलीस आणि पीएम. त्या काळी सूर्यास्तानंतर पीएम करायचं नाही असा शिरस्ता होता. (15 नोव्हेंबर 2021 ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं तो बदलला. आता पुरेशी सोय असलेल्या हॉस्पिटलात रात्रीही करता येतं. खून, आत्महत्या, बलात्कार, घातपाताचा संशय अशा केसेस सोडून.) त्यामुळे ती आणि काका रात्रभर बाकावर. सकाळी आतून एक जण आला, 'पांढरं कापड आणलंय का?' विचारून गेला. दुपारी बाबा मिळाले ते गळ्यापर्यंत गुंडाळलेले. आईनं कपाळावरचे केस मागे सारायला हात घातला आणि तिच्या बोटांना टाके लागले.

'हार्ट होतं ना? मग डोकं का उघडलं? आई आजही विचारते. मला ते बघायचंय,' ती म्हणाली. 'लिस्टबिस्ट सगळं खरंय. पण मला ते बघायचंय.'

आता सांगा, हे जायचं कारण की न जायचं? हिंजवडीवाला, ज्याची मी मघापासून टिंगल करतेय, तो पहिल्यांदा शहाणपणाचं बोलला. 'तू दादांना विचार. आणि खरं सांगून विचार.'

रविवारी सकाळी आम्ही दोघी दादाच्या घरी. त्यानं सगळं ऐकून घेतलं. वाटलं, म्हणेल धीर धर किंवा ये. तो म्हणाला, 'बाबांना बघायला येणार असशील तर मंगळवारी येऊ नकोस. त्या टेबलावर दुसऱ्या कुणाचे तरी बाबा असतील. तू त्यांच्याकडे बघणारच नाहीस. बाबांचा रिपोर्ट आहे ना? तो आण.'

रिपोर्ट होता. विम्याच्या क्लेमसाठी पोलिसांकडून कॉपी घेतली होती आणि एलआयसीच्या फाइलमध्ये ती तशीच पडून होती. क्लेम मिळाला, पण रिपोर्ट घरात कुणीच वाचला नव्हता. ती स्कूटरवरून जाऊन घेऊन आली.

डायनिंग टेबलवर, वहिनीनं केलेले पोहे बाजूला सारून, दादानं तो ओळ न्‌ ओळ वाचला. इंग्रजी शब्दाला मराठी देत. पहिल्या पानावर कपडे. आकाशी फुलशर्ट, बनियन, तपकिरी पॅन्ट. उजव्या मनगटावर लाल दोरा. डाव्या भुवईवर खरचटल्याची जखम, इतक्या बाय इतक्या सेंटिमीटरची. 'पडताना लागलंय,' दादा म्हणाला. 'आणि हेच तुझं उत्तर. माणूस पडला आणि डोक्याला लागलंय. आधी हार्ट बंद पडून पडला, की डोक्यात रक्तस्राव होऊन पडला, की कुणी मारलं? छाती उघडून हार्टमध्ये दोष दिसला म्हणून डॉक्टर तिथंच थांबला असता, तर उद्या कुणीही विचारलं असतं, डोकं बघितलंत का? तू वकील आहेस, तूच विचारलं असतंस.'

मेंदू: दोष नाही. हृदय: 430 ग्रॅम. डाव्या बाजूच्या मुख्य रक्तवाहिनीत नव्वद टक्के अडथळा. दादानं पेन घेऊन पेपरच्या कडेला हृदय काढून दाखवलं. एवढं वाढलेलं हृदय एका दिवसात होत नाही, अशा माणसाचं बहुतेक वेळा बरीच वर्षं बीपी वाढलेलं असतं. बाबांनी कधी तपासलंच नव्हतं.

जठर: अर्धवट पचलेलं अन्न, भाताची शितं ओळखू येतात.

'दहीभात,' ती म्हणाली. 'डब्यात दहीभात होता. म्हणजे संपवला होता.' आणि मग रडली. दादा उठून गॅलरीत गेला. वहिनी पाणी घेऊन आली. साधारण वीस मिनिटं कुणी काही विचारलं नाही.

जाताना दादा एवढंच म्हणाला, की आता मंगळवारचं तुझं तू ठरव, दोन्ही चालेल. मला वाटलं होतं, आता ती जाणार नाही. जे हवं होतं ते तर मिळालं. पण रात्री नऊला तिनं सरांना कळवलं, येते.

मंगळवारचं फार सांगण्यासारखं नाही आणि सांगूही नये. मोबाइल बाहेर जमा. मास्क, टोपी, एप्रन. ती भिंतीजवळ उभी राहिली, दोनदा खाली बसली. कोण होतं, कसं गेलं, हे तिनं आम्हाला सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. यादीतल्या दोन गोष्टी दिसल्या. वीस तासांनंतरचे डाग बोटानं दाबले तरी फिकट होत नाहीत, हे पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं, तिथं एका सेकंदात कळलं. तिच्या डोक्यात राहिलं मात्र भलतंच. सगळं झाल्यावर त्या कर्मचाऱ्यानं सगळे अवयव परत आत ठेवले, जाड दोऱ्यानं गोधडीसारखे एकसारखे टाके घातले, पाण्यानं अंग धुतलं, फडक्यानं चेहरा पुसला आणि केस विंचरले. कंगवा त्याच्या स्वतःच्या खिशातला होता.

मग ती घरी गेली. आई आता पुण्यात तिच्याचकडे असते. जाण्याआधी आईनं एकच अट घातली होती, आंघोळ केल्याशिवाय घरातल्या कशाला शिवायचं नाही. गरम पाण्याची बादली काढून ठेवलेलीच होती. आंघोळ झाली, जेवणं झाली, सिरियल लागली. आईनं सिरियलचा आवाज बारीक केला आणि विचारलं, 'तिथं केस विंचरतात का गं?'

फाइल अजून पर्समध्येच होती. तिनं ती काढली आणि पहिल्या पानावरच्या आकाशी शर्टापासून आईला वाचून दाखवायला सुरुवात केली.